भाऊसाहेबांचे दुखवटे

भाऊसाहेबांनी जिवंत कंपनीची गेम कधीच विकत घेतली नाही. कंपनी बुडाली, पोरं घरी गेली, दाराला कुलूप लागलं अशी पक्की खबर आली की मगच ते लॅपटॉप उघडायचे. त्या कंपनीची ऑनलाइन दुकानात अजून विकायला राहिलेली एखादी गेम शोधायचे आणि घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले की चेहरा जरा उतरलेला असायचा. काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगायचे, ‘‘काल संध्याकाळी दुखवट्याला गेलो होतो.’’ विचारणारा बिचारा ओशाळून आपल्या कामाला लागायचा. भाऊसाहेब काल संध्याकाळी घरच्या पडवीतून हललेसुद्धा नव्हते, हे त्याला कुठून कळणार?

मला कळायला चार महिने लागले. खालापूरच्या एका सरकारी ऑफिसात मी तेव्हा कंत्राटावर होते. जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायचं काम. भाऊसाहेब तिथले अव्वल कारकून, पोशीरचे, पंचावन्नच्या पुढचे. जमिनीच्या कागदांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकालाच माहीत होतं. लाल कापडात बांधलेल्या दप्तरांच्या खोलीत त्यांचं टेबल. वारस नोंदीचं काम त्यांच्याकडे. शेतकरी गेला की सातबाऱ्यावरून त्याचं नाव उतरवायचं आणि मागे राहिलेल्यांची नावं लावायची, यातच त्यांची तीस वर्षं गेली होती.

या कामात त्यांची एक खोड होती. कुणी अर्ज घेऊन आलं की बाकीचे पहिल्यांदा मृत्यूचा दाखला मागत. भाऊसाहेब पेन खाली ठेवत आणि विचारत, ‘‘कसं झालं?’’

मग समोरची बाई सांगायला लागायची. सकाळी चहा घेतला, गुरांना चारा टाकला, जरा पडतो म्हणाले ते उठलेच नाहीत. भाऊसाहेब मधे बोलत नसत. मागे रांग वाढत जायची, साहेब केबिनमधून मान बाहेर काढून बघायचे. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, ‘‘भाऊसाहेब, हे ऑफिस आहे की देऊळ?’’ भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, ‘‘सायेब, मानूस सांगितल्याबिगर मोकळा व्हत नाय. आन् मोकळा झाल्याबिगर कागद नीट भरत नाय. अर्धे अर्ज चुकतात त्ये यापायीच.’’ साहेबांनी मान आत घेतली.

गेमचा नाद त्यांना पाय मोडल्यावर लागला. शेताच्या बांधावरून घसरून ते दोन महिने घरी पडून होते. कुणीतरी लॅपटॉपवर एक गेम टाकून दिली. जंगलात हरवलेली म्हातारी आपली शेळी शोधते, अशी काहीतरी. त्यांना ती फार आवडली. म्हणून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, मराठीत, अर्जाच्या नमुन्यात, ‘महोदय’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत. उत्तर आलं नाही. चौकशी करता करता कळलं, की ती कंपनी बंद पडून वर्ष झालंय.

‘‘मला झोप लागंना,’’ त्यांनी मला सांगितलं. कर्जतपर्यंत ते मोटारसायकलने यायचे आणि पुढे खालापूरला जायला एसटी. मी कर्जतची, त्यामुळे आमची बस एक. ‘‘दुकान उघडं, माल मांडल्याला, गिऱ्हाईक येतंय-जातंय, आन् मालक मेल्याला. कुनाला पत्त्याच नाय. आपल्याकडं कसं, आजा मरून चाळीस वर्सं झाली तरी सातबाऱ्यावर त्याचंच नाव. तसंच ह्ये.’’

‘‘मग त्यांच्या गेम विकत घेऊन काय होतं?’’

‘‘अगं बाय, मयताच्या घरी चूल पेटत नाय. आपुन भाकरी-पिठलं घिऊन जातो. ती काय मेल्याला खातो? मागं राह्यलेली खातात. आपली ती तेवढी भाकरी.’’

असा त्यांचा हिशेब. आणि एकदा भाकरी म्हटल्यावर तिचे सगळे नियम आले. दुकानात सेल लागला, निम्म्या किमतीत गेम मिळायला लागली की भाऊसाहेब थांबायचे. सेल संपू द्यायचे आणि मग पूर्ण किमतीला घ्यायचे. मी म्हटलं, ‘‘भाऊसाहेब, आठवडाभर आधी घेतली असती तर स्वस्तात मिळाली असती.’’ ते माझ्याकडे असे काही बघत राहिले की मलाच लाजल्यासारखं झालं. ‘‘दुखवट्याला जाताना कोन घासाघीस करतं का गं?’’

गेमच्या पानावर खाली लोक आपली मतं लिहितात. एकाला गेम आवडलेली असते, दुसरा शिव्या घालत असतो. त्यांच्यामध्ये भाऊसाहेबांचा मजकूर असायचा: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. समस्त ग्रामस्थ, पोशीर.’ ग्रामस्थांना याचा पत्ताही नव्हता. एकदा त्याखाली कुण्या दूरदेशीच्या माणसाने मशीनकडून भाषांतर करून घेऊन लिहिलं होतं, ‘पोशीर ही नवी कंपनी आहे का?’ भाऊसाहेबांनी उत्तर दिलं होतं, ‘नाही. गाव आहे. नेरळजवळ.’

त्यांच्याकडे एक वहीसुद्धा होती. रकाने ऑफिसातल्यासारखेच पाडलेले. मयत, मिळकत, वारस. मयतात कंपनीचं नाव, मिळकतीत गेमचं. वारसाचा रकाना मात्र गेम पूर्ण खेळून झाल्यावरच भरायचा. शेवटी पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात ना, तेव्हा हे उठून उभे राहायचे आणि एकेक नाव मोठ्याने वाचायचे. जपानी असो की रशियन, पोशीरच्या पडवीत ते सगळं एकाच चालीवर वाचलं जायचं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा नेमका हा कार्यक्रम चालू होता. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘‘बस गं बाय. आमच्याकडं रोज कुनीतरी मरतंच.’’

मी हसले. पण मला हसायला नको होतं, कारण मी स्वतः त्या वहीत बसेन अशी होते. ही गोष्ट मी ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती.

या नोकरीच्या जवळजवळ तीन वर्षं आधी मी कळंबला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनी म्हणजे बंद पडलेल्या रिसॉर्टचा एक बंगला आणि आम्ही सात जण. आम्ही एकच गेम बनवली. भातखाचरांची. डोंगरउतारावर खाचरं, वरून पाणी येतंय, कुठल्या बांधाला कधी तोंड पाडायचं आणि कधी बुजवायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. सगळ्या खाचरांना पाणी मिळालं की पुढचा डोंगर. चित्रं माझी होती. बंगल्यामागच्या शेतात मी तासन्‌तास उभी राहायचे, लावणीवाल्या बायका मला वेडी समजायच्या. गेम दुकानात लागली, थोडी खपली, आणि एका सकाळी मालकाने फोनवरच्या ग्रुपमध्ये दोन ओळी टाकल्या की आपण थांबतोय. गेमचे हक्क त्याने आधीच परगावच्या कुणाला तरी विकले होते. आम्ही खुर्च्या रचून ठेवल्या. इंटरनेटवाला येऊन त्याची पेटी काढून घेऊन गेला. मी घरी आले, तर आई म्हणाली, ‘‘बरं झालं एका अर्थी. आता नीट नोकरी बघ.’’ त्या दिवसापासून मी पेन्सिल हातात धरली नव्हती. विचारलं तर मी सांगायचे, ‘मीच सोडलं.’

आमच्या मरणाची बातमी कुठेच आली नव्हती, एवढे आम्ही छोटे. पण अखेर भाऊसाहेबांना ती लागलीच. कुणीतरी त्या पानावर तक्रार केली होती, की गेममधल्या चुकांची सुधारणा कधी येणार, आणि खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘विसर आता, कंपनी संपली.’

‘‘काल एक घेतली,’’ ते बसमध्ये म्हणाले. ‘‘भातशेतीची हाय. मयत आपल्याकडचंच वाटतंय.’’

मी खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘‘कशी आहे?’’

‘‘चुका हायेत. नांगर चाललाय आन् बगळा नांगराच्या म्होरं चालतोय. बगळा कधी म्होरं चालतो का गं? मागनं चालतो, उकरल्याले किडे खात. ज्यानं काडलंय त्यानं शेत बघितलं नसंल.’’

‘‘बघितलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणजे बघितलं असेल. मालकच म्हणाला असेल, बगळा पुढे घे, नीट दिसत नाही.’’

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ते पिशवी मांडीवर सारखी करत म्हणाले, ‘‘आसंल. पन चिकल मात्र...’’ आणि थांबले. ‘‘चिकल खरा काडलाय. पाय उचलला की खळगा ऱ्हातो, आन् त्यात पानी कसं गुपचूप भरत येतं. तसं अगदी तसंच काडलंय. हातात कला हाय त्याच्या.’’

त्या खळग्यासाठी मी अकरा दिवस घालवले होते. मालक म्हणाला होता, कोण बघणारे ते? आणि आता खालापूरच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस ते बघून आला होता. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते बोलायला लागले तर मी भर बसमध्ये रडेन अशी मला भीती वाटली. मी ‘हो का’ म्हणाले आणि तिकीट काढलं.

पुढे रोज एकेका डोंगराची खबर यायला लागली. आज सातवा झाला, आज अकरावा. मला पुढचं दिसत होतं. शेवटच्या डोंगरावर डावीकडचं सगळ्यात वरचं खाचर कोरडंच राहतं. ती आमची चूक होती. उतार काढताना कुठेतरी आकडा उलटा पडला होता आणि काही केलं तरी पाणी तिथे चढत नसे. पुढच्या सुधारणेत दुरुस्त करू, असं ठरलं होतं, आणि ती सुधारणा यायच्या आत आम्हीच संपलो. ते खाचर भरल्याशिवाय गेम संपत नाही. गेम संपल्याशिवाय नावं येत नाहीत.

भाऊसाहेब तिथे अडकले. तीन दिवस, पाच दिवस, आठ दिवस. ऑफिसात कागदावर बांधांचे नकाशे काढायला लागले. अर्जदाराला ‘कसं झालं’ विचारायचंही एकदा विसरले, तेव्हा मात्र मला राहवेना. माझ्या एका वाक्याने भाऊसाहेबांची सुटका झाली असती.

‘‘भाऊसाहेब, इंटरनेटवर वाचलं मी,’’ मी बसमध्ये खोटंच म्हटलं. ‘‘ते खाचर भरतच नाही. बिघाड आहे. अमुक तमुक बटणं एकत्र दाबली की ते सोडून थेट शेवटाला जाता येतं.’’

‘‘सुकं खाचर मागं टाकून फुडं जायचं?’’

‘‘गेमच आहे ती.’’

‘‘गेम झाली म्हून काय झालं? कुनीतरी भाताचं आवण लावलंय तिथं.’’

आणि माझा तोल गेला. ‘‘कशासाठी करताय हे? तुम्हाला वाटतं तुमची भाकरी त्यांना पोचते? एक दमडी पोचत नाही. हक्क दुसऱ्यानेच घेतलेत, पैसे त्याच्याकडे जातात. बनवणाऱ्यांना कुणी फोनसुद्धा करत नाही.’’

बसमधले दोघे-तिघे वळून बघायला लागले. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांच्या, एवढ्या घरांच्या भाकरी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं.

‘‘म्हंजे आपली भाकरी भलत्याच घरी गेली,’’ ते म्हणाले. मग हळूच, ‘‘तुला गं कसं ठावं?’’

मी पर्समध्ये तिकीट शोधायला लागले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. आता वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण तीस वर्षं वारस नोंदी केलेला माणूस, कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचं नाव लावणार नव्हता.

त्यानंतर गुरुवार-शुक्रवार ते रजेवर गेले. वहिनींनी मला नंतर सांगितलं ते असं. गेमच्या पहिल्या डोंगरावर रोपांना पाणी शिंपडायला एक हंडा असतो. पुढे त्याचं काही काम नाही, पण चित्रातून काढायचा राहून गेल्यामुळे तो शेवटपर्यंत झोपडीच्या कोपऱ्यात पडून असतो. माझीच हयगय. भाऊसाहेबांनी तो हंडा उचलला. खालच्या ओढ्यावर जाऊन भरला, वर नेऊन सुक्या खाचरात ओतला. पुन्हा खाली, पुन्हा वर. गुरुवार सगळा, शुक्रवार सगळा, आणि शनिवारची सकाळ. जेवायला तेवढे उठत. वहिनी म्हणाल्या, ‘‘खऱ्या शेताला कधी येवढं पानी घातलं नाय त्यांनी.’’ शनिवारी ते खाचर भरलं. गेम बनवणाऱ्या सात जणांना, ती गेम संपवता येते हे माहीत नव्हतं.

मग नावं आली. भाऊसाहेब उठून उभे राहिले आणि वाचायला लागले. चौथं नाव वाचून ते खाली बसले.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या कर्जतच्या घराची बेल वाजली. आईने दार उघडलं आणि ती तिथेच थिजली. दारात एक अनोळखी नवरा-बायको उभे, पायातलं बाहेर काढून ठेवलेलं, आणि बाईच्या हातात पांढऱ्या फडक्याने झाकलेली टोपली. अशी टोपली आमच्याकडे एकाच कारणाने येते.

‘‘अगं बाई! कोण गेलं?’’ आई ओरडलीच. ‘‘कुणाचा फोन आला? यांचा तर... हे तर आत झोपलेत!’’

आई धावत आत जाऊन बाबांना हलवून आली. बाबा बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

‘‘घाबरू नका ताई,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘तुमच्या घरचं सगळं बरं हाय. आमी हिच्याकडं आलोय. आमच्या ऑफिसातलीच हाय. हिच्याकडं तीन वर्सांमागं मयत झालं, आमाला कळलंच नाय. उशीर झाला.’’

आईला काही कळेना. मला मात्र सगळं कळलं. वहिनींनी मला धरून खाली बसवलं. फडकं काढलं. तांदळाच्या भाकरी, पिठलं, एक कांदा. वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि रीतीप्रमाणे माझ्या हातात दिला.

भाऊसाहेब समोर जमिनीवर बसले, खुर्ची दिली तरी नको म्हणाले. त्यांनी पिशवीतून ती वही काढली. मयत, आमची कंपनी. मिळकत, आमची गेम. वारसाच्या रकान्यात सात नावं, चौथ्या ओळीवर माझं. त्या सगळ्या वहीतली, त्यांना प्रत्यक्ष भेटलेली, मी एकच वारस होते. बाकीच्या सहा जणांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली. त्यांच्या दारात कुणीच गेलं नसणार.

‘‘बगळ्याचं माझं चुकलं, भाऊसाहेब,’’ मी म्हटलं.

‘‘त्ये जाऊ दे,’’ ते म्हणाले. ‘‘आदी खा.’’

मी तुकडा तोंडात घातला. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. तिला काय समजलं कोण जाणे. पण ती पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली, आमच्या घरात कुणी गेल्यावर बसली असती तशीच.

भाऊसाहेबांनी वही मिटून बाजूला ठेवली. पेन तिच्यावर ठेवलं. मागे कुठलीही रांग नसल्यासारखे निवांत मांडी घालून बसले आणि मला विचारलं,

‘‘आता सांग बाय. कसं झालं?’’

तीन वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि पार पहिल्या दिवसापासून, कळंबच्या त्या बंगल्याचं दार उघडलं तेव्हापासून सांगायला लागले.